शरदांतील एक साधा शनिवार

शाळेचा वार्षिक अंक हातीं आला म्हणजे त्यांत काय असेल, हें बहुतेकांस आधींच ठाऊक असतें. पारितोषिक-समारंभाचा वृत्तांत असतो, क्रीडास्पर्धांतील विजय असतात, सहलीचें वर्णन असतें, आणि शेवटीं निकालाचे आंकडे असतात. हें सर्व योग्यच आहे. वर्षांत जें विशेष घडलें त्याची नोंद राहिलीच पाहिजे. परंतु वर्षाचे दिवस ३६५, आणि त्यांतले विशेष म्हणावे असे फार तर दहा-पंधरा. बाकीच्या साडेतीनशें दिवसांत आपण वाढतों, शिकतों, मित्र जोडतों, घरच्यांच्या उपयोगीं पडतों. त्यांच्याविषयीं मात्र एक ओळही कोठें लिहिली जात नाहीं. ह्या लेखांत आम्हीं त्या उपेक्षित दिवसांपैकीं एकाची बाजू घेण्याचें योजिलें आहे. तो दिवस म्हणजे शरद् ऋतूंतील एक साधा शनिवार. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हा अर्धा दिवस मुलांच्या हातीं मोकळा राहावा, आणि तो कसा गेला हें मित्रांनीं एकमेकांस नीट सांगावें. ह्या दोन गोष्टी वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु त्या नाहींशा झाल्या तर आमचें मोठें नुकसान होईल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, आठवड्याचा मोकळा वेळ कांहीं आभाळांतून पडलेला नाहीं. तो माणसांनीं कष्टानें मिळविलेला आहे. इंग्लंडांत १८५० सालच्या कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबविण्यांत आलें. पुढें ही अर्धी सुटी इतर धंद्यांत पसरली, आणि शनिवारच्या दुपारचे चेंडूचे सामने ह्या मोकळ्या वेळींच रुजले. आपल्याकडे मुंबईच्या गिरणीकामगारांना आठवड्याची हक्काची सुटी अशी नव्हतीच. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्ज केले. तेव्हां कोठें १८९० सालीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. आज आपण ज्या सुटीला हक्कानें 'आपली' म्हणतों, तिच्यामागें अशीं माणसें उभीं आहेत.

शनिवार पाळल्याबद्दल आपल्या कोंकणांत तर एका समाजाला नांवच पडलें. जुन्या कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्यांत, बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करीत. आपल्या धर्माप्रमाणें ते शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणूं लागले. १९४८ नंतर त्यांच्यापैकीं पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशांत जाऊन राहिलीं, तरी आपली मराठी त्यांनीं बरोबर नेली. धर्म कोणताही असो, ह्या उदाहरणांतून घेण्यासारखा बोध एकच आहे. गरीब तेल्याचा घाणासुद्धां सातांतून एक दिवस थांबूं शकतो, आणि त्यामुळें त्याचें घर बुडत नाहीं.

आतां शरद् ऋतूच कां, असें कोणी विचारील. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. आमचें शहर अहमदनगर. २०२४ पासून त्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें. ह्या भागांत पाऊस मुळांतच कमी, आणि उन्हाळा कडक. दोहोंच्या मध्यें हा जो काळ येतो त्यांत आभाळ धुतल्यासारखें स्वच्छ असतें, माळावरचें गवत अजून पुरतें वाळलेलें नसतें, आणि विहिरींना पाणी असतें. दुपारचें ऊन चटके देतें खरें, पण सायंकाळ सुखाची असते. सहामाही परीक्षा जवळ आलेली असते आणि दिवाळीही जवळ आलेली असते. असा शनिवार म्हणजे ना सण ना परीक्षा. म्हणूनच त्याला आम्हीं साधा म्हटलें.

शनिवारीं आमची शाळा सकाळची असते. दुपार आणि सायंकाळ आमची. सोमवारीं मधल्या सुटींत मैदानाकडेच्या लिंबाखालीं डबे उघडले कीं, आम्ही आठ-दहा जण शनिवार कसा गेला तें एकमेकांस सांगतों. हा प्रघात कोणी मुद्दाम घालून दिला नाहीं. तो आपोआप पडला. गेल्या आश्विनांतील अशा एका सोमवारचीं निवेदनें येथें देतों. नांवें देत नाहीं, कारण मुद्दा व्यक्तींचा नाहीं.

दोघे मित्र सायकलींवरून पाथर्डीच्या रस्त्यानें चांदबिबीच्या महालाकडे गेले होते. लोक त्याला महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहींतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. अष्टकोनी, तीन मजली, उंच डोंगरावर एकटी उभी असलेली ती इमारत आम्हां सर्वांची पाहिलेली. परंतु ह्या दोघांनीं सांगितलें तें इमारतीविषयीं नव्हतेंच. चढावर एकाच्या सायकलची सांखळी उतरली, दोघांचे हात काळे झाले, आणि एका गुराख्यानें त्यांना सांखळी बसवून दिली. वर पोंचल्यावर त्यांनीं खालच्या शेतांचे रंग मोजले. नांगरलेली काळी, पेरलेली काळी आणि पडीक हिरवी असे तीन रंग त्यांनीं ओळखले. नांगरलेल्या काळ्यांत आणि पेरलेल्या काळ्यांत फरक कसा ओळखलात, असें आम्हीं विचारलें. तेव्हां पेरलेल्या शेतांत सरळ रेघा दिसतात, असें त्यांनीं सांगितलें.

ह्यावर एक खेड्यावरून येणारा मित्र हंसला. त्या रेघा पाडण्यांतच त्याचा शनिवार गेला होता. त्यांच्याकडे अजून एक बैलजोडी आहे. आजोबा पाभर हांकीत होते आणि आई चाड्यावर मूठ धरून ज्वारी पेरीत होती. त्यानें सांगितलें कीं, चाड्यावर मूठ धरणें हें कसबाचें काम आहे. मुठींतून दाणे एकसारखे सुटले पाहिजेत. हात क्षणभर थांबला तर तेवढी जागा रिकामी राहते, आणि आठ-दहा दिवसांनीं उगवण झाली म्हणजे ती साऱ्या गांवाला दिसते. "आईनें मला दोन तासें धरूं दिली," असें तो म्हणाला, "पण कोणतीं दोन, तें तुम्हांला दाखविणार नाहीं!"

एका मैत्रिणीनें दुपारभर आईबरोबर घरांतील सर्व गोधड्या गच्चीवर उन्हांत घातल्या होत्या. पावसाळ्याची ओल घालविण्यास ह्या उन्हासारखें दुसरें औषध नाहीं, असें तिची आई म्हणते. एका जुन्या गोधडींत तिला आपल्या आजीच्या लुगड्याचा तुकडा सांपडला. आजीला तिनें पाहिलेलें नाहीं, पण लुगड्याचा रंग आतां तिला ठाऊक झाला. सायंकाळीं शेजारच्या वाड्यांत भोंडला होता. पाटावरच्या हत्तीभोवतीं फेर झाला, आणि खिरापत ओळखण्याची वेळ आली. गोड झालें, तिखट झालें, आंबट झालें. कोणास ओळखतां येईना. शेवटीं झांकण उघडलें तों आंत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! इतक्या साध्या वस्तूवर कोणाचा तर्कच गेला नव्हता.

ह्या सर्वांत शेवटीं एका मित्राची पाळी आली. "माझें कांहीं विशेष नाहीं," एवढेंच तो म्हणाला. पुष्कळ आग्रह केल्यावर कळलें कीं, तो दुपारपासून वडिलांच्या हातगाडीवर सीताफळें विकीत होता. हें सांगण्यास तो संकोचत होता. परंतु एकदां बोलूं लागल्यावर त्यानें जें सांगितलें तें आम्हां कोणासही ठाऊक नव्हतें. पहांटे आलेल्या करंडींतील फळांचे तीन ढीग करावयाचे असतात. एक आजचा, एक उद्यांचा आणि एक परवांचा. फळ दाबून पाहावयाचें नाहीं, कारण दाबलेलें फळ काळें पडतें. त्याच्या डोळ्यांमधील फटी पाहावयाच्या. फटी मिटलेल्या आणि हिरव्या असतील तर फळ परवांचें. त्या रुंदावून पिवळसर-पांढऱ्या झाल्या तर उद्यांचें किंवा आजचें. गिऱ्हाईक ज्या दिवशीं खाणार त्या दिवसाचें फळ त्याला द्यावयाचें. "आजचें फळ उद्यांसाठीं दिलें तर पैसे आज मिळतात, पण गिऱ्हाईक परत येत नाहीं," असें त्याचे वडील सांगतात. व्यापारांतील सचोटीवर पाठ्यपुस्तकांत आम्हीं धडे वाचलेले आहेत. त्यांतला एकही आमच्या ध्यानांत इतका पक्का राहिलेला नाहीं.

ह्याच ठिकाणीं आमच्या मताचा गाभा आहे. त्या मित्राबरोबर आम्ही चार वर्षें एका वर्गांत बसत होतों. त्याचे गुण आम्हांस ठाऊक होते, त्याची फलंदाजी ठाऊक होती. पण त्याची शनिवारची दुपार ठाऊक नव्हती. साध्या दिवसाची गोष्ट सांगण्याचा प्रघात नसता तर ती कधीं ठाऊक झालीही नसती, आणि आपल्या घरचें काम सांगण्यासारखें नाहीं असें मानून तो शाळा सोडून गेला असता. ज्याच्याजवळ सहल नाहीं, समारंभ नाहीं, नवी वस्तू नाहीं, त्याच्याजवळही शनिवार असतो. साध्या दिवसाच्या पंक्तींत कोणाचें पान कमी वाढलेलें नसतें.

मात्र एक गोष्ट येथेंच स्पष्ट केली पाहिजे. घरच्या धंद्यास दोन-तीन तास हात देणें निराळें, आणि मुलाची प्रत्येक मोकळी वेळ धंद्यांत जाणें निराळें. पहिल्यानें मूल शहाणें होतें. दुसऱ्यानें तें दमतें, आणि मग तें वर्गांत पेंगतें. आमचा मित्र सायंकाळीं सहानंतर मोकळा होता व तासभर क्रिकेट खेळला, म्हणूनच त्याची गोष्ट आम्ही आनंदानें सांगत आहों.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. त्या सोमवारीं आमच्यांतील एका हुशार मैत्रिणीला सांगण्यास कांहींच नव्हतें. शाळा सुटल्यावर गणिताची शिकवणी, चारला विज्ञानाची, सहाला चाचणी. चाचणींत ५० पैकीं ४३ गुण. येथें तिची गोष्ट संपली. येतां-जातांना काय दिसलें, असें कोणी सहज विचारलें. तिनें बराच वेळ आठवून पाहिलें, आणि "रिक्षांत मीं सूत्रें पाठ करीत होतें," असें उत्तर दिलें. ती रडली नाहीं, तक्रारही केली नाहीं. पण तिचा चेहरा पाहून आम्हां कोणासही पुढें बोलवेना. सीताफळांच्या मित्राला वाटत होतें कीं, आपली गोष्ट सांगण्यासारखी नाहीं. ह्या मैत्रिणीजवळ तर गोष्टच उरली नव्हती. दोहोंत अधिक गरीब कोण, ह्याचा विचार पालकांनीं करावा.

पालकांची अडचण आम्हांस कळत नाहीं असें नाहीं. स्पर्धा तीव्र आहे, जागा थोड्या आहेत, आणि शेजारचा मुलगा तीन शिकवण्यांस जात असतां आपल्याच मुलाला मोकळें सोडावयाचें म्हणजे धैर्य लागतें. शिवाय ह्या शिकवण्यांचे पैसे भरण्यासाठीं कित्येक वडील जादा काम करतात आणि कित्येक आया स्वतःची हौस मारतात. त्या त्यागाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु आम्ही नम्रपणें विचारतों, कीं शेतकरी एका पिकानंतर जमीन कांहीं काळ उन्हांत तापत ठेवतो, तें आळसानें काय? विश्रांतीनें जमिनीचा कस वाढतो, हें ज्याला कळतें त्याला मुलाच्या मनाचाही हा नियम कळावा. बालकांना विश्रांतीचा, फुरसतीचा व खेळण्याचा हक्क आहे, असें संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क-करारांत एकतिसाव्या कलमांत स्पष्ट लिहिलेलें आहे, आणि १९९२ सालीं भारतानें तो करार मान्य केला आहे. आम्ही मागतों तें कांहीं जगावेगळें नाहीं.

मोकळ्या वेळेचा आणखी एक वाटेकरी हल्लीं घरोघर आला आहे. तो म्हणजे मोबाईल. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पुष्कळ उपयोगाची ती वस्तु आहे. परंतु आमच्यापैकीं एकानें सारी दुपार त्यावर घालविली, आणि सोमवारीं तो प्रांजळपणें म्हणाला, "मीं शंभर जणांचे शनिवार पाहिले, पण त्यांतला एकही आठवत नाहीं, आणि माझा तर झालाच नाहीं." पडद्यावर लोक दाखवितात तो निवडक, सजविलेला क्षण असतो. तेथें उतरलेली सांखळी नसते, काळे झालेले हात नसतात, गोधडींतला तुकडा नसतो. त्या सजावटीशीं आपला दिवस ताडून पाहणाऱ्यास आपलें जिणें फिकें वाटूं लागतें. समोर बसलेल्या मित्राची गोष्ट ऐकतांना तसें होत नाहीं. कारण तो अडखळतो, मध्येंच हंसतो, आणि आपण त्याला प्रश्न विचारूं शकतों.

साध्या दिवसाचें खरें खरें वर्णन ही कांहीं हलकी विद्या नव्हे. लक्ष्मीबाई टिळक ह्या आमच्याच शहरांत कित्येक वर्षें राहिल्या. त्यांना शाळेचें शिक्षण असें मिळालें नव्हतें. तरी १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं 'स्मृतिचित्रें' आज मराठींतील उत्तम ग्रंथांत गणलीं जातात. त्यांत लढाया नाहींत, राजेरजवाडे नाहींत. स्वयंपाकघर आहे, प्रवासांतली फजिती आहे, नवरा-बायकोचीं भांडणें आहेत, रोगाच्या सांथींतले दिवस आहेत. बाईंनीं जें पाहिलें तें न लपवितां आणि न फुगवितां सांगितलें, एवढेंच. इंग्लंडांतही १९३७ सालीं कांहीं विचारवंतांनीं सामान्य माणसांस आपापल्या एका दिवसाची हकीकत लिहून पाठविण्याचें आवाहन केलें होतें. त्या वर्षीं १२ मे रोजीं सहाव्या जॉर्ज राजाचा राज्याभिषेक-समारंभ होता. परंतु राजानें काय केलें ह्याहून त्या दिवशीं साध्या लोकांनीं काय केलें, हेंच त्या मंडळींस हवें होतें. त्या हकीकती आज इतिहासाचे अभ्यासक काळजीपूर्वक वाचतात. आजचा साधा शनिवार उद्यांचा इतिहास होत असतो. फक्त तो कोणीतरी सांगावा लागतो.

ह्यासाठीं आम्ही आपल्या सोबत्यांना चार गोष्टी सुचवितों. पहिली, जें घडलें तेंच सांगावें. शोभा आणण्यासाठीं भर घालूं नये. दुसरी, 'मजा आली' एवढ्यावर थांबूं नये. कशानें आली तें सांगावें. तिसरी, दुसरा सांगत असतां त्याचें पुरतें ऐकावें, आणि आपल्या गोष्टीनें त्याची गोष्ट झांकूं नये. चौथी व सर्वांत महत्त्वाची, जो 'कांहीं विशेष नाहीं' म्हणतो त्याला अवश्य विचारावें; पण हंसण्यासाठीं नव्हे.

आणि पालकवर्गास आमची विनंती एवढीच आहे. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं पहिली ते आठवीच्या वर्गांसाठीं 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम जाहीर केला. शाळेंतील शनिवार आनंदाचा व्हावा हें उत्तम आहे. पण शाळा सुटल्यानंतरचा शनिवार कसा असावा, हें कोणतेंही शासन ठरवूं शकत नाहीं. तें आपल्याच हातीं आहे. शनिवारीं शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ आम्हांस द्यावा. त्या वेळेंत आम्हीं काय करावें ह्याचें वेळापत्रक आंखूं नये. घरचें काम सांगावें, आम्ही तें करूं. खेळावयास सोडावें, आम्ही वेळेवर परत येऊं. कधीं आम्ही नुसतेच पायरीवर बसलों, तर तोही वेळ वायां गेला असें समजूं नये. रात्रीं जेवतांना मात्र गुणांची चौकशी क्षणभर बाजूस ठेवून, 'आज काय काय पाहिलेंस?' एवढें विचारावें, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावें. प्रथम प्रथम उत्तर तुटक येईल; दोन-तीन शनिवार गेले म्हणजे तें लांबेल.

जमल्यास आपलाही शनिवार आम्हांस सांगावा. कचेरींत काय झालें, बाजारांत काय महाग झालें, लहानपणीं ह्याच दिवसांत आपण काय करीत होतां, हें ऐकण्याची आम्हांस फार उत्सुकता असते. निकालपत्रिकेंतून आपण आम्हांस ओळखतां, आणि आम्ही आपणांस फीच्या पावत्यांवरील सहीवरून ओळखतों. ह्याहून अधिक ओळख एका घरांत राहणाऱ्यांची असावी, असें आम्हांस मनापासून वाटतें.